नितेशबद्दल उपकारस्तुती

‘श्रीयुत जयवंत चक्रनारायण आणि कुटुंबीय यांच्याकडून, चिरंजीव नितेश यास दुबईच्या कंपनीत बढती मिळाल्याबद्दल उपकारस्तुती,’ असं मी वाचलं आणि चिठ्ठी घडी करून पाकिटात परत सारली. शेवटून तिसऱ्या बाकावर जयवंत नेहमीप्रमाणे अर्धा उठला. कपाळाला हात लावून त्याने डावीकडे सलाम केला, उजवीकडे केला, आणि ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांच्यासाठी पुन्हा एकदा डावीकडे केला. मग कमलवहिनींनी त्याच्या शर्टाचं टोक ओढून त्याला खाली बसवलं. हेही नेहमीचंच होतं.

मुलुंडचं आमचं चर्च लहान आहे. इमारत एक आणि मंडळ्या दोन. आठ वाजता आम्ही मराठी, साडेदहाला तमिळ. त्यामुळे आमच्याकडे सगळं घड्याळ बघून चालतं. फक्त उपकारस्तुतीच्या चिठ्ठ्यांना कुणी घाई करत नाही. ज्याच्या घरी काही चांगलं घडलं असेल तो पाकिटात आपलं दान आणि एक चिठ्ठी घालतो, आणि सेक्रेटरी ती चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो. वाढदिवसाबद्दल, मुतखडा पडल्याबद्दल, नातवाला पहिला दात आल्याबद्दल. चौदा वर्षं तो सेक्रेटरी मी आहे. सुबोध उजगरे, रेशनिंग ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. दुसऱ्याने लिहिलेलं मोठ्याने वाचायचं आणि त्यावर मनातल्या मनात शेरा मारायचा, या दोन गोष्टी मला चांगल्या जमतात.

जयवंत पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. मुलुंडपासून भांडुपपर्यंतच्या कितीतरी सोसायट्यांच्या मोटारी त्याच्या भरवशावर चालत. ‘मुलुंडमध्ये सकाळी जो कोणी आंघोळ करतो ना, तो माझ्या मेहेरबानीने करतो,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. अमुक टॉवरवाले त्याला विचारल्याशिवाय बटण दाबत नाहीत, तमुक बिल्डरने त्याला घरून गाडीने नेलं, परदेशी इंजिनियरने हात टेकले तिथे याने पान्ह्याचा एक ठोका मारून मोटार चालू केली. ऐकणारे हसायचे आणि तोही त्यांच्याबरोबर हसायचा. उपासना सुटल्यावर आवारात चहा पिताना त्याच्याभोवती चार माणसं असायचीच. माझ्याभोवती नसायची, हेही इथेच सांगून टाकतो.

नितेश त्याचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी, मी पंपाला हात लावणार नाही असं बापाला सुनावून, अंधेरीच्या कुठल्याशा एजंटामार्फत तो दुबईला गेला. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चिठ्ठी यायची. नितेशला कंपनीने राहायला खोली दिली. नितेश तापातून बरा झाला. नितेशला मोटार चालवण्याचा परवाना मिळाला. गोल अक्षर, निळी शाई, एकही खाडाखोड नाही. चहाच्या वेळी जयवंत त्यात आपली भर घालायचा. एकदा मला म्हणाला, ‘तुझ्या प्रांजलला सांग, इथे बारा-बारा तास कानाला हेडफोन लावून बसते, त्यापेक्षा नितेशला एक मेसेज टाक म्हणावं. तो लावून देईल तिकडे.’ चार माणसांसमोर म्हणाला. मी हसलो, पण ते मला लागलं.

घरी येऊन मी ते प्रांजलला जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं. ती आणि नितेश शाळेत एका वर्गात होते. तिचा घास हातातच राहिला. ‘बाबा, नितेशचा कुणालाच पत्ता नाहीये,’ ती म्हणाली. ‘पाच वर्षं झाली, त्याचा नंबर बंद आहे. आमच्या बॅचचे दोघं दुबईतच आहेत, त्यांनी पण खूप शोधला. काका ते सगळं कुठून आणतात, मला नाही माहीत.’

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. पाच वर्षं हा माणूस माझ्या तोंडून, वेदीसमोर उभं करून, खोटं वदवून घेत होता. त्या रागात थोडा आनंदही होता, पण तिकडे मी काणाडोळा केला.

त्याच सुमारास आमच्या पाळकसाहेबांनी दर मंगळवारी संध्याकाळी ग्रीकचा वर्ग सुरू केला होता. शास्त्र मूळ भाषेत थोडं तरी वाचता यावं, ही त्यांची हौस. पहिल्या महिन्यात नऊ जण आलो, तिसऱ्या महिन्यात चौघे उरलो. मी एकूण चार महिने गेलो. तेवढ्यात अक्षरं ओळखता यायला लागली, तीही छापलेली असतील तर. शब्द पाठ झाले अकरा.

एका मंगळवारी साहेबांनी फळ्यावर ‘अलाझोन’ हा शब्द लिहिला. आपण त्याचं भाषांतर बढाईखोर असं करतो, पण जुन्या ग्रीक लोकांत अलाझोन म्हणजे गावोगाव फिरणारा भोंदू वैद्य, असं त्यांनी सांगितलं. पेटीत औषध नसताना सगळ्या दुखण्यांवर औषध आहे म्हणून तो चौकात ओरडायचा. जे आपल्याजवळ नाही ते आहे म्हणून मिरवणं, ही त्या शब्दाची खूण. मी तो शब्द वहीत उतरवला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. पुढच्या मंगळवारपासून माझे गुडघे दुखायला लागले आणि वर्ग सुटला. खरं कारण हे की मला हवा तो शब्द मिळाला होता.

मे महिन्यात साहेब गावी गेले आणि पहिल्या रविवारच्या उपदेशाची पाळी माझ्यावर आली. ‘मूळ ग्रीक भाषेत’ अशी मी सुरुवात केली आणि वीस मिनिटांत ते शब्द निदान सात वेळा म्हणालो. अलाझोन सांगितला, भोंदू वैद्य सांगितला, त्याची रिकामी पेटी सांगितली. कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त शेवटी, लोकांना नीट समजावं म्हणून, घरगुती उदाहरण दिलं. पंपाने हवा धरली की तो नेहमीपेक्षा जास्त आवाज करतो. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढं पाणी चढतंय, आणि वर टाकीत थेंब नसतो. हे मला आमच्या सोसायटीची मोटार उघडताना जयवंतनेच शिकवलं होतं.

आमच्या चर्चमध्ये पंपाचं काम करणारा माणूस एकच. सगळ्या माना एकदम शेवटून तिसऱ्या बाकाकडे वळल्या.

आमच्याकडे उपदेशानंतर दान गोळा होतं आणि मग चिठ्ठ्या वाचतात. दानाचं ताट फिरत फिरत जयवंतपाशी गेलं. त्याच्या खिशातून पाकिटाचं टोक बाहेर आलेलं मला पुढून दिसत होतं. त्याने पाकीट काढलं, उघडलं, आतलं दान ताटात टाकलं, आणि चिठ्ठी तशीच पाकिटासकट खिशात परत ठेवली. कमलवहिनी मांडीवरच्या गाण्यांच्या पुस्तकाकडे बघत होत्या.

उपासना सुटल्यावर मी दाराशी हात मिळवायला उभा होतो. जयवंत रांगेत आला. ‘सलाम, सुबोध. चांगलं बोललास,’ म्हणाला. माझा हात त्याने सोडला नाही. ‘फक्त एक आहे. पंप काय उगीच हवा धरत नाही रे. खालच्या पाइपाला कुठेतरी भोक पडलेलं असतं. दिसत नाही ते. पण हवा तिथनं शिरते.’

बरं, पुढच्या वेळी तसं सांगेन, असं मी म्हणालो. घरी जाऊन मी पोटभर जेवलो आणि झोपलो.

त्यानंतर जयवंत दर रविवारी यायचा, बसायचा आणि चहा न घेता निघून जायचा. जूनचा पहिला रविवार गेला, जुलैचा गेला. पुढच्या बाकावर बसणाऱ्या आमच्या सुंदराबाई आता एक्याऐंशीच्या आहेत आणि त्यांना निम्मंच ऐकू येतं. त्यांनी मला गाठून विचारलं की चक्रनारायणांच्या पोराचं हल्ली मी हळू वाचतो की काय, त्यांना ऐकूच येत नाही. मी म्हणालो, चिठ्ठीच येत नाही. ‘मग विचार की त्याला, बाबा,’ त्या म्हणाल्या. मी विचारलं नाही.

डिसेंबरात आमची गाणाऱ्यांची टोळी पेटी-तबला घेऊन घरोघर जाते. गाणी झाली की घरच्यांना विचारायचं, कशासाठी प्रार्थना करू, आणि मग मी प्रार्थना करतो. जयवंतच्या खोलीत या प्रश्नाला दरवर्षी अर्धा तास जायचा आणि आमचे चहा निवायचे. या वेळी त्याने सगळ्यांना बसायला चटया घातल्या, करंज्या दिल्या, आणि म्हणाला, ‘काही नाही. सगळं बरं आहे.’

भिंतीवर नितेशचा शाळेतला फोटो होता. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. ‘नितेशसाठी करू या,’ एवढंच मला म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ते उच्चारले असते तर मला सगळं ठाऊक आहे हे उघडं पडलं असतं, आणि मे महिन्यातलं ते उदाहरण कुणासाठी होतं हेही. मी डोळे मिटले आणि सर्वांच्या आरोग्यासाठी प्रार्थना केली.

फेब्रुवारीत जयवंत गेला. सकाळी सहाला एका सोसायटीत त्याने पंप चालू केला आणि पंपाच्या खोलीतच स्टुलावर बसला. वरची टाकी भरून वाहायला लागली, गच्चीतलं पाणी जिन्याने खाली उतरलं, तेव्हा लोक त्याच्या नावाने बोटं मोडत खाली आले. तो भिंतीला टेकून बसलेला होता. पंप बिनआवाज चालला होता.

दफनाला आमची मंडळी होती तेवढीच बाहेरचीही माणसं आली. वॉचमन, सोसायट्यांचे सेक्रेटरी, हातात पिशव्या घेतलेल्या दोन-तीन बायका. माती देऊन झाल्यावर सफारी घातलेले एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले आणि त्यांनी विचारलं, तुमच्यातले ते ग्रीक जाणणारे उजगरे कोण? मीच, म्हणालो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

‘जयवंत तुमच्याबद्दल फार सांगायचा,’ ते म्हणाले. ‘बायबल डायरेक्ट ग्रीकमधून वाचतो, अख्ख्या मुंबईत असे दोन-चारच असतील, आणि तो आपला दोस्त आहे म्हणायचा. आता गेल्या महिन्यात आला होता, तेव्हा पण तेच.’

गेल्या महिन्यात. मे महिन्यातल्या त्या उपदेशाआधी नाही, जानेवारीत. मी त्यांना काहीतरी उत्तर दिलं असेन. मला आठवतं ते एवढंच, की माझ्या बोटांना जयवंतच्या कबरीची माती होती आणि ती त्या गृहस्थांच्या हाताला लागली.

आठव्या दिवशी मी एकटाच त्यांच्या खोलीवर गेलो. वहिनी एका नर्सिंग होममध्ये आयाचं काम करतात. दुपारची पाळी होती म्हणून निघायच्या तयारीत होत्या. तरी त्यांनी चहा टाकला. क्षमा मागायची म्हणून मी घरून वाक्यं जुळवून आणली होती. त्यांतलं पहिलंच वाक्य हे होतं की, नितेशबद्दल मला आधीच कळलं होतं आणि जयवंतने ते तुमच्यापासून लपवलं असेल.

‘माझ्यापासून काय लपवणार?’ त्या म्हणाल्या. ‘चिठ्ठ्या मीच लिहायचे, भाऊ.’

गोल अक्षर, निळी शाई. चौदा वर्षं कागद हाताळणाऱ्या माणसाला, पान्हा धरणारा हात असं लिहीत नाही, हे कळायला हवं होतं.

त्या सांगत गेल्या. नितेशचा फोन वर्षभर येत होता, मग बंद झाला. जयवंत एजंटाच्या ऑफिसात गेला तर तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालं होतं. पोलिसांत अर्ज दिला, वकिलातीला पत्रं लिहिली. नंतर लिहायला कुणी उरलं नाही. तेव्हा दर महिन्याला, पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी दोघं समोरासमोर बसायची आणि या महिन्यात नितेशचं काय झालं असेल ते ठरवायची. एवढ्या दिवसांत त्याला बढती मिळाली असेल, असं जयवंत म्हणायचा. त्याला थंडी बाधते, तो आजारी पडून बरा झाला असेल, असं त्या म्हणायच्या. जुळलं की चिठ्ठी.

‘हे म्हणायचे, देवाचे आधीच आभार मानून टाकू, कमल. मग त्याला द्यावंच लागेल. चारचौघांत मानू, म्हणजे त्याला मागे फिरता येणार नाही.’ त्यांनी गॅस बारीक केला. ‘आणि दुसरं काय, त्याचं नाव मोठ्यानं ऐकू यायचं. घरात आम्ही दोघं ते घ्यायला घाबरायचो. तुम्ही चर्चमध्ये घ्यायचा.’

‘मग बंद का केलंत?’ मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

‘त्या रविवारी घरी आल्यावर म्हणाले, आता नको. सुबोधने मूळ भाषेत बघून सांगितलंय. आपलं ते खोटंच होतं.’ त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. ‘मी म्हटलं, भाऊ माणूसच आहेत, चुकत असतील. तर म्हणाले, त्याला ग्रीक येतं, कमल. आपल्याला काय येतं?’

माझी जुळवून आणलेली सगळी वाक्यं गेली. मी म्हणालो, ‘वहिनी, मला ग्रीक येत नाही. अकरा शब्द येतात.’

त्यांनी चहा गाळला. एक कप माझ्यासमोर ठेवला, दुसरा हातात घेऊन उभ्या राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘त्यांना नका सांगू,’ म्हणाल्या, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तोंडाला पदर लावला.

निघताना मी म्हणालो, या पहिल्या रविवारी चिठ्ठी द्या. त्या म्हणाल्या, ‘काय लिहू? ठरवायला दुसरं माणूस नाही आता.’

तिथून मी थेट पाळकसाहेबांकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. बोलताना मला रडू आलं. साठी उलटल्यावर माणसाला रडणं शोभत नाही, पण आलं. साहेबांनी मला पाणी दिलं. म्हणाले, ‘उजगरे, अलाझोननंतरच्या मंगळवारी तुम्ही आला नाहीत. त्या दिवशी फळ्यावर दुसरा शब्द होता, कौखेसिस. तोही मिरवण्याचाच. पण प्रेषित पौल आपल्या पत्रांत तो चांगल्या अर्थानेही वापरतो. एका गावच्या मंडळीबद्दल दुसऱ्या गावात अभिमानाने मिरवायचा, आमची माणसं बघा कशी आहेत म्हणून.’ मी विचारलं, हा शब्द कुणाला लागू पडतो? साहेब म्हणाले, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि तो बारावा शब्द पाठ करून मी घरी आलो.

मार्चचा पहिला रविवार. उपदेश झाला, दान झालं, ताट माझ्यापुढे आलं. वरच निळ्या शाईचं पाकीट होतं. ते हातात घेऊन मी उभा राहिलो आणि आधी मला सांगायचं होतं ते सांगितलं. मला ग्रीक येत नाही, चार महिन्यांत वर्ग सोडला, गेल्या मे महिन्यात या जागेवरून मी जे बोललो ते एका माणसाला टोचावं म्हणून बोललो, आणि त्या दिवशी या चर्चमध्ये पेटीत औषध नसताना ओरडणारा माणूस मी होतो. पुढच्या बाकावर सुंदराबाईंनी शेजारणीला विचारलं, ‘काय म्हणतोय?’ शेजारणीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

मग मी चिठ्ठी उघडली. तिच्यावर दोनच नावं होती, एकाखाली एक. कारण लिहिलेलं नव्हतं, कुणाकडून तेही नव्हतं.

‘श्रीमती कमल चक्रनारायण यांच्याकडून,’ मी वाचलं, ‘चिरंजीव नितेश याच्याबद्दल उपकारस्तुती. जयवंत यांच्याबद्दल उपकारस्तुती.’ नितेशचं नाव मी पुन्हा एकदा घेतलं, सुंदराबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

शेवटून तिसऱ्या बाकावर कमलवहिनी अर्ध्या उठल्या. कपाळाला हात लावून त्यांनी डावीकडे सलाम केला, उजवीकडे केला, मग पुन्हा एकदा डावीकडे केला. शर्टाचं टोक ओढणारी बाई आज स्वतःच उभी होती आणि तिचा पदर ओढायला शेजारी कुणी नव्हतं. त्यामुळे त्या तशाच, बाकाला धरून, अर्धवट उभ्या राहिल्या. बाहेर तमिळ मंडळी जमायला लागली होती. मी पुढचं पाकीट हातात घेऊन, त्या बसेपर्यंत थांबलो.